ओल आणि पाणी

चिऊ, बॅग भरून झाली का? आई म्हणाली, सोमवारी जुहूहून तुझं हेलिकॉप्टर आहे. तेलाची पहिली रिग, तिथला पहिला मुक्काम. फोनवर सगळं बोलून होत नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या मांजरी गावात मागच्या गल्लीत बोअर मारली तो दिवस आठवतो? आधी करडी भुकटी उडाली, मग तांबडी आली, मग पुन्हा करडी, आणि एकदम ती ओली झाली. सगळे ‘पाणी लागलं’ म्हणून नारळ आणायला धावले. बोअरवाले मामा मात्र त्या भुकटीत पंजा धरून उभे होते. म्हणाले, “ओल लागलीय. पाणी किती, ते नंतर बघू.”

तुझं अख्खं काम त्या एका वाक्यात आहे गं. शो म्हणजे ओल. खडकातून तेल-वायूचा माग लागला, एवढंच तो सांगतो. विहीर चालेल की नाही, ते लॉग आणि टेस्टिंग ठरवतात.

पहिली गोष्ट, लॅग टाइम. शेकरच्या चाळणीवर आत्ता जे कटिंग्ज, म्हणजे खडकाचे कण, पडतात, ते आत्ताचे नसतात. दोन हजार मीटरवरून वर यायला त्यांना पाऊण तास लागू शकतो, आणि तोवर बिट कितीतरी खाली गेलेली असते. विहिरीचं भोक खाली झिजून मोठं झालं की हिशेबातला लॅग चुकतो. म्हणून कनेक्शनच्या वेळी, नवा पाइप जोडताना, पाइपात कार्बाइड टाकून तपासत जा. तांदूळही चालतात. खाली जायला लागलेला वेळ वजा करायला विसरू नकोस. खोली चुकली तर खरा शोही खोट्या पत्त्यावर जातो.

दुसरी, माझ्या हातून झालेली चूक. माझी तिसरीच विहीर होती. पहाटे चुनखडीचे कण यूव्ही दिव्याखाली धरले, तर ट्रे पिवळसर पांढरा उजळलेला. मी घाईनं रिपोर्टमध्ये ‘ऑइल शो’ लिहून टाकलं. आमच्या वरिष्ठ भूशास्त्रज्ञांनी एक कण स्पॉट प्लेटच्या खळग्यात ठेवला, त्यावर सॉल्व्हंटचे दोन थेंब टाकले आणि मला बघायला सांगितलं. कण चमकत राहिला, थेंब मात्र तसाच काळोखा. ती चमक चुनखडीची स्वतःची होती. तेल असतं तर कणातून निळसर-पांढरे धागे सुटून थेंबात पसरले असते. यालाच कट म्हणतात. त्या दिवसापासून कट बघितल्याशिवाय मी ‘शो’ हा शब्द लिहिला नाही. कटवरही डोळे मिटून विश्वास नको. पाइपाच्या आट्यांचं ग्रीस, ड्रिलिंगच्या मडमधलं डिझेल हेही चमकतात आणि कटही देतात. म्हणून नुसत्या सॉल्व्हंटचा थेंब आधी दिव्याखाली बघ, आणि मडमध्ये काय काय घातलंय ते मड इंजिनिअरला रोज विचार.

गॅसचंही तसंच. पाइप जोडताना येणारा कनेक्शन गॅस आणि पाइप काढून-घालताना येणारा ट्रिप गॅस वेगळे नोंदव. खरा शो बहुधा एकटा येत नाही. बिट भराभर उतरते, लॅग संपताच गॅस चढतो आणि त्याच खोलीच्या कणांवर डाग दिसतो. पिक्सलरच्या आडाख्यात मिथेन-इथेनचं गुणोत्तर २ ते १५ असेल तर कल तेलाकडे, १५ ते ६५ असेल तर वायूकडे. पण तो आडाखाच. मड जड असेल तर चांगल्या थरातूनही गॅस थोडाच दिसतो, म्हणून बारीक शोला हलकं लेखू नकोस.

मात्र गॅस चढतोय आणि टाकीतलं मडही वाढतंय असं दिसलं, तर वही बाजूला ठेव. आधी ड्रिलरला फोन. तिथे तुझं वय, तुझा अनुभव कुणी विचारत नाही.

फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबई हायवर तेल लागलं, आणि उत्पादन सुरू झालं १९७६मध्ये. एवढं मोठं क्षेत्र, तरी मध्ये दोन वर्षं गेली. ओलीपासून पाण्यापर्यंतची वाट अशीच असते, आणि त्या वाटेवरचं पहिलं पाऊल तुझ्या ट्रेमधलं असतं.

वरून “शो आहे का?” म्हणून सारखं विचारतील. त्यांना हवं ते उत्तर देऊ नकोस. रंग, चमक, शंभरातले किती कण, कट किती वेळात सुटला, एवढं आधी लिही. तुला काय वाटतं ते खाली, वेगळ्या ओळीत. तुझं मत उद्या बदलेल. दिसलेलं बदलता कामा नये.

नमुन्याच्या पिशवीवर खोली स्वच्छ अक्षरात घाल. विहीर कोरडी ठरली तरी ती पिशवी जपून ठेवतात. दहा वर्षांनी कुणी ती उघडली, तर त्याला फक्त तुझ्या अक्षराचा आधार असेल.

जा, नीट राहा. रात्रपाळीत जेवण चुकवू नकोस. तुझी ताई.