थट्टामस्करीतून इंग्रजी

प्रश्न : व्याकरण येतं, पण बोलताना तोंडच उघडत नाही. मालिकांतल्या नटांच्या थट्टामस्करीवरून बोलायला शिकता येईल का?
– एक वाचक, वडगाव निंबाळकर (ता. बारामती)

उत्तर : येईल, पण नुसतं बघून नाही. ‘बीटीएस’ या कोरियन बँडचा आरएम ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकी विनोदी मालिका पाहून इंग्रजी शिकला. आधी कोरियन सबटायटल्स, मग इंग्रजी, शेवटी काहीच नाही. तुम्हीही याच क्रमाने जा. मराठी सबटायटल्स नसतील तर हिंदी चालतील. भाग जेमतेम बावीस मिनिटांचा असतो. त्यातला एकच प्रसंग घ्या आणि तोच घोटा.

कान द्यायचा तो सुरावर. ‘रिअली?’ आवाज चढवत म्हटलं तर खरं आश्चर्य. तेच सपाट, खाली उतरत्या आवाजात म्हटलं तर सरळ टोमणा. ‘फ्रेंड्स’मधला चँडलर नको त्या शब्दावर जोर देतो आणि बाकीची पात्रं त्याची नक्कल करतात. ती नक्कल तुम्हीही मोठ्याने करा, घरचे हसले तरी! एक मैत्रीण गाठून पात्रं वाटून घेतलीत तर उत्तम, कारण खरी अडचण शब्दांची नसते, समोरच्याचं वाक्य संपताच उत्तर देण्याची असते.

पटकथेतलं बोलणं जरा जास्तच चटपटीत असतं. म्हणून २०२१चा ‘फ्रेंड्स : द रियुनियन’ हा कार्यक्रमही बघा. तिथे मालिकेतले तेच सहा मुख्य कलाकार एकमेकांना अडवतात, अडखळतात, अर्धी वाक्यं सोडून देतात. मला तो जास्त उपयोगाचा वाटतो.

मात्र हे टोमणे बँकेच्या मुलाखतीत नकोत.