खेळात तुटणारे दात, झोपेत झिजणारे दात

धानाची कापणी-मळणी आटोपली की चिमूर तालुक्यात गावोगावी कबड्डीचे सामने सुरू होतात. मंडई आणि नाटकांच्या जोडीने दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत खेळ रंगतो. चढाईला आलेला गडी कोपऱ्यात सापडतो, तीन-चार जण त्याच्यावर तुटून पडतात आणि त्या झटापटीत कोणाचे तरी कोपर किंवा डोके कोणाच्या तरी तोंडावर आदळते. ओठ फुटतो. खेळाडू चूळ भरून पुन्हा मैदानात उतरतो. सकाळी आरशात पाहिल्यावर कळते की समोरचा दात अर्धा तुटला आहे किंवा हलतो आहे. गुडघ्याला पट्टा बांधणारी आपली मुले दातांसाठी मात्र काहीच घालत नाहीत.

दुसऱ्या प्रकारचे रुग्ण मैदानावर कधी गेलेलेच नसतात. त्यांची बायको किंवा आई त्यांना दवाखान्यात घेऊन येते व सांगते, ‘हे रात्री कराकरा दात खातात’, किंवा ‘इतके घोरतात की शेजारच्या खोलीतही झोप लागत नाही.’ दोन्ही प्रकारचे रुग्ण ‘दातांवर बसवायचे ते प्लास्टिक’ मागतात. हे प्लास्टिक एक नसून तीन निरनिराळी साधने आहेत. एकाच्या जागी दुसरे घातले तर उपयोग होत नाही, कधी कधी अपायही होतो.

प्रथम खेळाचे पाहू. याला माउथगार्ड म्हणतात. लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउस यांनी १८९० च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांसाठी गटापर्चा नावाच्या चिकाच्या पट्ट्या दातांवर बसवल्या, तेथून याची सुरुवात झाली. आज मुष्टियुद्धात माउथगार्डशिवाय रिंगणात उतरू देत नाहीत. त्याचा रंगही लाल चालत नाही, कारण तोंडातून रक्त येते आहे की नाही हे पंचांना दिसले पाहिजे. माउथगार्ड बहुधा वरच्या दातांवर बसते. ते मऊ असते, धक्का स्वतः शोषून घेते व तो सर्व दातांवर पसरवते. खालचे दात वरच्यांवर जोराने आदळणे आणि ओठ-गाल दातांत सापडून फाटणे या दोन्ही गोष्टी त्यामुळे कमी होतात. डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा हादरा मात्र त्याने टळेल अशी खात्री कोणी देऊ नये.

दुकानातले तयार माउथगार्ड सर्वांना एकाच मापाचे असते. ते धरून ठेवण्यासाठी दात आवळावे लागतात, म्हणून ते न घेतलेले बरे. दुसरा प्रकार गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवण्याचा. पाकिटावर लिहिलेला वेळ पाळला तर तो बरा बसतो. बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना हाच सोयीचा, कारण त्यांचे दुधाचे दात पडत आणि कायमचे येत असतात व माप सतत बदलते. तिसरा प्रकार दंतवैद्य दातांचे माप घेऊन, प्लास्टरच्या साच्यावर तापवलेला प्लास्टिकचा जाड पत्रा दाबून तयार करतात. ओठाकडील बाजूस त्याची जाडी साधारण ३ मिलिमीटर असावी. खर्च जास्त येतो, पण जे मूल जिल्हा किंवा विभाग पातळीवर खेळते त्याला हाच द्यावा.

कबड्डीपटूंची एक शंका अगदी रास्त असते. चढाई करताना ‘कबड्डी कबड्डी’ असा दम स्पष्ट ऐकू आला पाहिजे, नाहीतर पंच बाद देतील. सैल माउथगार्ड घालून ही अडचण खरोखरच येते. मापाने बनवलेले मात्र टाळूकडून कापून बेताचे करता येते व आठ-दहा दिवस घरी घालून मोठ्याने बोलण्याचा सराव केला की दम नीट निघतो. सामन्याच्या दिवशी प्रथमच घालू नये.

आता दात मुळासकट निघून मातीत पडला तर काय करावे? हा भाग कापून ठेवला तरी चालेल. दात शोधा. पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका आणि घासू नका. माती लागली असेल तर दूध किंवा स्वच्छ पाण्यात काही क्षण हलकेच हलवून काढा. रुग्ण शुद्धीवर असेल तर दात त्याच खाचेत सरळ बसवून स्वच्छ रुमालावर चावून धरायला सांगा. ते जमत नसेल तर तो थंड दुधात ठेवून लगेच दंतवैद्यांकडे निघा. दूध मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर मिळते, मात्र उकळते नको. दात कागदात गुंडाळून खिशात ठेवल्यास तो वाळतो आणि मुळावरील जिवंत पेशी मरतात. पहिला अर्धा-एक तास फार मोलाचा असतो. नागपूर येथून जवळपास शंभर किलोमीटर आहे, तेव्हा दात परत बसवण्याचे काम मैदानावरच झाले तर उत्तम. लहान मुलाचा दुधाचा दात पडला असेल तर तो मात्र परत बसवू नये.

झोपेत दात खाण्याविषयी आपल्याकडे पक्की समजूत आहे की पोटात जंत झाले. जंताची गोळी शाळेत मिळते, ती मुलांना जरूर द्यावी, परंतु दात खाणे जंतांमुळे असते असे सिद्ध झालेले नाही. लहान मुलांत हे पुष्कळ आढळते व वयाबरोबर बहुधा आपोआप थांबते. जबडा वाढत असताना त्यांना साधन देण्याची सहसा गरज नसते. मोठ्या माणसांत मनाचा ताण, रात्रीचा चहा, दारू आणि तंबाखू यांनी हे वाढते. सकाळी जबडा आखडणे, कानशिले दुखणे, दात सपाट होणे, ही लक्षणे दिसली तर दंतवैद्य कडक ॲक्रिलिकचे रात्रीचे कवच बनवून देतात. त्याने सवय मोडत नाही, पण दातांऐवजी कवच झिजते. पैसे वाचवायला खेळाचे मऊ माउथगार्ड रात्री घालणारे काही जण ते च्युइंगगमसारखे अधिकच चावत राहतात.

येथे आपल्या भागातील खर्ऱ्याबद्दल बोलणे भाग आहे. सुपारीच्या सततच्या घासण्याने दात झिजतात आणि रुग्णाला वाटते की आपण रात्री दात खातो. त्याहून वाईट म्हणजे सुपारीने गालाची आतली त्वचा आखडते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील तर माप घेण्याचा साचाही तोंडात जाणार नाही, आणि त्या रुग्णाला कवचाआधी तोंडाची तपासणी हवी. या आखडण्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

घोरण्याचे साधन तिसरे. ते वरच्या व खालच्या दोन्ही दातांवर बसते आणि खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे ओढून धरते. जबड्याबरोबर जीभ पुढे येते व घशातील श्वासाची वाट मोकळी राहते. फ्रान्सचे डॉ. पिएर रोबँ यांनी १९०२ मध्येच लहान जबड्याच्या मुलांसाठी अशी युक्ती वापरली होती. पण प्रत्येक घोरणे साधे नसते. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वासच बंद राहतो आणि मग माणूस दचकून मोठा श्वास घेतो. हे बाजूला झोपलेल्यालाच दिसते, म्हणून पत्नीचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. अशा माणसाला दिवसा पेंग येते. कोळशाचा ट्रक किंवा रात्रीची बस चालवणाऱ्याला ती आली तर काय होईल, हे चंद्रपूर जिल्ह्यात सांगायला नको. रक्तदाब वाढतो तो वेगळाच. यासाठी झोपेची रीतसर तपासणी करावी लागते. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर जबड्याचे साधन चालते. तीव्र असेल तर नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणारे यंत्रच घ्यावे. ते १९८१ मध्ये सिडनीचे डॉ. सुलिव्हन यांनी प्रथम वापरून दाखवले.

ज्याला हा श्वास अडण्याचा आजार आहे त्याला, घोरण्याची चौकशी न करता, फक्त दात खाण्यासाठी वरच्या दातांचे कवच दिले तर काहींमध्ये श्वास अडणे वाढू शकते. तेव्हा दंतवैद्यांनी विचारले नाही तरी घोरण्याबद्दल आपण होऊन सांगावे. कवच बनवणारे दंतवैद्य आपल्या जवळपास नसतील तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय येथे दाखवता येते.

कोणतेही साधन वापरून झाले की थंड पाण्याने ब्रशने धुवावे, पुसून भोके असलेल्या डबीत ठेवावे. एप्रिल-मे महिन्यात डबी मोटारसायकलच्या डिकीत किंवा टिनाच्या छपराखाली राहू देऊ नये. आपल्याकडच्या उन्हात खेळाचे माउथगार्ड एका दुपारीच वाकडे होते आणि मग ते दातांवर बसत नाही.