व्हिडिओवरची मराठी अक्षरं: पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी आम्ही बारा मिनिटांची चित्रफीत करून घेतली. चित्रण सुरेख होतं, आवाजही स्वच्छ. पण पडद्यावर ‘विद्यार्थी’ शब्दातली पहिली वेलांटी ‘व’ला सोडून ‘द’वर जाऊन बसली होती आणि ‘द्य’ फुटून ‘द’चा पाय मोडलेला दिसत होता. देणगीदारांची नावं तशाच पाट्यांवर होती. ज्यांनी पैसे दिले त्यांचीच नावं मोडकी पाहताना वाटलेली शरम अजून जात नाही. दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे मोजावे लागले, कारण अक्षरं चित्रातच पक्की मिसळून टाकलेली होती.

त्यानंतर प्रत्येक कामाचा हिशेब मी स्वतः ठेवू लागलो. त्यातून कळलं ते असं: चांगल्या मराठी अक्षरांसाठी सॉफ्टवेअरला फारसे पैसे लागत नाहीत. पैसे लागतात माणसाच्या वेळेला, आणि तपासणी शेवटावर ढकलली की तोच खर्च दोनदा होतो.

अक्षर का मोडतं?

युनिकोडमध्ये ‘वि’ साठवताना आधी ‘व’ येतो, मग वेलांटी. पडद्यावर ती अक्षराच्या आधी नेणं, जोडाक्षर जुळवणं, रफार योग्य जागी चढवणं हे काम सॉफ्टवेअरमधल्या अक्षरजुळणीच्या यंत्रणेचं असतं. ‘हार्फबझ’ ही अशीच एक मोफत यंत्रणा. यंत्रणा नसेल किंवा बंद असेल, तर कितीही महागडा फॉन्ट घेतला तरी अक्षर मोडतं. ॲडोबीच्या प्रीमिअर आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये यासाठी सेटिंग असतं. तिथे मजकुराचं इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’वर ठेवावं लागतं, आवृत्तीनुसार नाव थोडं बदलतं. आमची वेलांटी एवढ्या एका सेटिंगमुळे घसरली होती. ते बदलायला खर्च शून्य.

दुसरं कारण जुने फॉन्ट. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. चित्रावर ते ठीक दिसतात, पण तोच मजकूर उपशीर्षकांच्या फाइलमध्ये टाकला की निरर्थक अक्षरांचा ढीग होतो आणि शोधूनही सापडत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच द्या आणि तसाच परत मागा.

शून्य रुपयांत काय मिळतं?

फॉन्ट: मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बालू २, गूगलचा नोटो सान्स देवनागरी, आणि तिरो देवनागरी मराठी. चारही मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात. मुक्ताच्या सात जाड्या मिळतात, त्यामुळे ठळक मथळा आणि साधी ओळ एकाच घराण्यातली ठेवता येते. तिरोची हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळी रूपं आहेत. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा असेल तर मराठी रूप घ्या.

संपादन: दाविंची रिझॉल्व्हची मूळ आवृत्ती आणि केडेनलाइव्ह. उपशीर्षकांसाठी सबटायटल एडिट किंवा एजिसब. उपशीर्षकं चित्रात मिसळायची असतील तर एफएफएमपेग. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. यूट्यूब स्टुडिओतही उपशीर्षकं स्वतः टंकून लावता येतात.

कोणतंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी ही ओळ त्यात टाकून पाहा: ‘ॲड., कुऱ्हाड, ऱ्हस्व, विद्यार्थ्यांनी, शिट्ट्या, उद्ध्वस्त, बाळ’. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. सातही शब्द नीट दिसले तरच पुढे जा.

फुकटात होणाऱ्या सुधारणा

अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. रोमन लिपीत अंतर वाढवलं की मथळा देखणा दिसतो, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते. टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवणारं अ‍ॅनिमेशनही टाळा. त्यात ‘क्ष’ आधी ‘क’ होऊन येतो. शब्द पूर्ण उमटू द्या.

ओळींमध्ये सैल जागा सोडा, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात. मागे काळी पट्टी असेल तर तिच्या कडेने ‘कृ’चा पाय कापला जात नाही ना ते पाहा. १०८० पिक्सेल उंचीच्या आडव्या चित्रात उंचीच्या पाच टक्के, म्हणजे ५४ पिक्सेलपासून सुरुवात करा आणि मग फोनवर पाहून ठरवा.

रंगाची बचत करा. नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची होते, रंगाची मात्र चार बिंदूंमागे एकदाच. म्हणून निळ्यावरची बारीक लाल अक्षरं माखल्यासारखी दिसतात, तर काळ्यावरची पांढरी ठसठशीत राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर जाड अक्षरच घ्या.

एका वेळी दोनच ओळी. नेटफ्लिक्स इंग्रजी उपशीर्षकांसाठी ओळीत ४२ अक्षरं आणि पडद्यावर जास्तीत जास्त सात सेकंद अशी मर्यादा पाळतं. मराठीत मोजणी वेगळी पडते, पण तत्त्व तेच. ‘करत’ एका ओळीत आणि ‘होता’ दुसऱ्या ओळीत तोडू नका. आकडा आणि त्याचं एककही सोबत ठेवा.

श्रमाचा हिशेब

दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. प्रत्येक उपशीर्षक सरासरी चार सेकंद धरलं, तर १५० तुकडे होतात. प्रत्येकाच्या तपासणीला अर्धं मिनिट दिलं तरी सव्वा तास लागतो. ऐकून उतरवणं आणि वेळा लावणं याच्या आधीचं. फोनच्या मराठी आवाज-टंकनाने उतरवण्याचे कष्ट कमी होतात, पण गावांची आणि माणसांची नावं हाताने सुधारावीच लागतात. स्वतः करणार असाल तर हा वेळ खर्च म्हणून धरा.

बाहेर देणार असाल तर दर बहुधा व्हिडिओच्या मिनिटावर सांगितला जातो. केवळ उदाहरणासाठी मिनिटाला १०० रुपये धरा: दहा मिनिटांचे १,००० आणि १८ टक्के जीएसटीचे १८०, मिळून १,१८० रुपये. काम करणारा जीएसटीखाली नोंदलेला नसेल तर त्याला हा कर आकारता येत नाही. म्हणून बिलावर नोंदणी क्रमांक पाहा.

दरपत्रक मागताना

दोन दरपत्रकं शेजारी ठेवायची तर पुढच्या गोष्टी दोन्हींत लेखी हव्यात. मजकूर उतरवणं, वेळा लावणं, भाषांतर आणि मुद्रितशोधन यांपैकी दरात काय येतं? दुरुस्तीच्या किती फेऱ्या मोफत? उपशीर्षकांची एसआरटी फाइल युनिकोडमध्ये (यूटीएफ-८) वेगळी मिळणार का? मूळ प्रकल्पाची फाइल आणि फॉन्टची नावं देणार का?

एसआरटीचा आग्रह सोडू नका. ती फाइल काही किलोबाइटची असते. चुकलेलं नाव स्वतः बदलून पुन्हा चढवलं की काम झालं. अक्षरं चित्रात मिसळलेली असली तर अख्खा व्हिडिओ पुन्हा तयार करावा लागतो. यूट्यूबवर जुन्या दुव्याखाली नवी चित्रफीत बदलून टाकता येत नाही, म्हणजे वाटलेले दुवेही वाया जातात. पाट्या आणि मथळे चित्रातच असणार, म्हणून ते अंतिम प्रतीच्या आधी मंजूर करा.

आगाऊ रक्कम देण्याआधी वरच्या सात शब्दांसह तीस सेकंदांचा नमुना मागा. तो फोनवर, टीव्हीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, असा तिन्ही ठिकाणी पाहा.

ठरल्याप्रमाणे झालं नाही तर

आधी लेखी तक्रार करा आणि चुकांच्या नेमक्या वेळा कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा येत नाही; स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. लग्नाची किंवा घरगुती चित्रफीत असेल तर तुम्ही ग्राहकच आहात.

यंदाच्या वर्धापनदिनाला आम्ही सगळं मोफत साधनांवर केलं आणि पैसे एकाच कामाला दिले: गावच्या निवृत्त मराठी शिक्षिकेला, मुद्रितशोधनाचे. बाईंनी देणगीदारांची यादी मोठ्याने वाचली आणि शंका आली तिथे त्या त्या घरी फोन लावून विचारलं. तीन आडनावं आम्ही चुकीची लिहिली होती. ती कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडली नसती. तुमच्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर ते अशा वाचणाऱ्यासाठी ठेवा.