दम होता, डाव नव्हता

पंचांनी लढत थांबवली तेव्हा मला धाप लागलेली नव्हती. दुसऱ्या फेरीचं दुसरं मिनिट चालू होतं. समोरच्या पोरानं पाठीवरून गळ्यात हात घातला होता आणि मी त्याच्या दंडावर तीनदा थाप मारून हार कबूल केली होती. उठून उभा राहिलो तर माझी छाती शांत होती. तो मात्र गुडघ्यावर एक हात टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता, आणि पंच त्याचा हात वर धरत होते. आणखी तीन फेऱ्या पुरेल एवढा दम अंगात शिल्लक असताना मी हरलो होतो. या गोष्टीला पाच वर्षं झाली. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (एमएमएच्या) वाटेला लागलेल्या पोरांना, विशेषतः तालमीतून आलेल्यांना, त्या अकरा आठवड्यांच्या तयारीत माझं काय चुकलं ते सांगायला मी हे लिहितो आहे.

कोल्हापूरच्या एका तालमीत मी नऊ वर्षं काढली. लाल माती, जोर-बैठका, दुधा-बदामाचा खुराक, जत्रेतली मैदानं. पुढं नोकरीसाठी पुण्याला आलो आणि चोविसाव्या वर्षी एका जिममध्ये एमएमए शिकायला लागलो. या खेळात ठोसे आहेत, लाथा आहेत, कुस्तीची पकड आहे आणि जमिनीवर गेल्यावर गळा आवळणं, सांधा पिरगळणंही आहे. हौशी गटात साधारण तीन-तीन मिनिटांच्या ३ फेऱ्या असतात, व्यावसायिक लढतीत पाच-पाच मिनिटांच्या ३, आणि किताबाच्या लढतीत ५. पहिल्या महिन्यातच एका सरावात मी दीड मिनिटात गळून गेलो. नऊ वर्षांचा पैलवान दीड मिनिटात संपतो, हे मनाला फार लागलं. मी त्याच दिवशी ठरवलं, की आपला दम कमी पडतोय.

निदान तिथंच चुकलं. मी थकलो होतो ते फुप्फुसं कमी पडली म्हणून नव्हे. ठोसा येताना मी सगळं अंग ताठ करत होतो, श्वास कोंडून धरत होतो आणि खाली सापडलो की प्रत्येक सेकंदाला पूर्ण ताकद लावत होतो. ज्याला त्या जागेत काय करायचं ते कळत नाही, तो सगळंच जोरात करतो. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पहिली हौशी लढत ठरली तेव्हा हातात अकरा आठवडे होते. पहाटे पाचला मी पर्वती गाठायचो आणि पायऱ्यांच्या दहा-बारा खेपा करायचो. दिवसभर नोकरी. संध्याकाळी जिममध्ये आधी चाळीस मिनिटं टायर उलटणं, जाड दोर आपटणं, बर्पी, उड्या. हे सगळं झाल्यावर, हाताची मूठ नीट वळत नसताना, मी डावांच्या वर्गात जाऊन उभा राहायचो. आठवड्यातले सहा दिवस. आमचे कोच दोनदा बोलले, की आधी वर्गाला ये आणि मग काय ते कर. मी मान डोलावली आणि आपलंच खरं केलं, कारण घामाचा पुरावा त्याच दिवशी मिळतो. बनियन पिळून पाणी निघालं की काम झाल्यासारखं वाटतं. डाव शिकण्याचा असा पुरावा नसतो. तीन आठवडे एकच हालचाल घोटली तरी आरशात काही दिसत नाही.

मातीतून येताना मी दोन सवयी घेऊन आलो होतो. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायला, शिरताना माझं डोकं खाली जायचं आणि मान समोरच्याच्या काखेखाली लोंबायची. मातीत याला शिक्षा नाही, कारण कुस्तीत गळा आवळता येत नाही. एमएमएमध्ये तीच मान समोरचा काखेत धरतो आणि गिलोटिन लावतो, म्हणजे पुढून गळा आवळतो. दुसरी सवय जास्त खोलवरची. कुस्तीत पाठ टेकली की हरलास, म्हणून खाली जाताना पैलवान आपोआप पालथा होतो, पोटावर पडून माती धरतो. तिथं ते शहाणपण आहे. इथं पालथं होणं म्हणजे आपली पाठ आणि गळा आपल्या हातानं समोरच्याच्या हवाली करणं. इथं पाठीवर पडूनच लढायला शिकावं लागतं: पाय मध्ये घालायचे, अंतर करायचं, कुशीवर वळून उठायचं.

या दोन सवयी मोडणं हेच त्या अकरा आठवड्यांचं काम होतं. पण मी वर्गात पोचायचो ते रिकामा होऊन. दमलेलं शरीर नवी वाट धरत नाही, पायाखालच्या जुन्या वाटेनंच जातं. त्यामुळे मी तिथं नवं काही शिकत नव्हतो. नऊ वर्षांच्या सवयी रोज संध्याकाळी आणखी पक्क्या करत होतो, आणि सोबत एक तिसरीही लावून घेत होतो, ठोसा मारून झाला की हात छातीपर्यंत पडू द्यायची.

शरीर सांगत होतं. सकाळी अंथरुणात नाडी मोजायची सवय मला तालमीपासून होती. ती मिनिटाला ५४ असायची. सहाव्या आठवड्यात ६६ झाली. रात्री अंग ठणकायचं आणि झोप तीनला मोडायची. घरी आईशी फोनवर दोन शब्द नीट बोलवत नव्हते. मी याचा अर्थ लावला, की आपण आळसावतोय, आणि पर्वतीच्या खेपा वाढवल्या. शेवटचे दहा दिवस कोचनी सक्तीनं हलका सराव दिला, त्यात नाडी उतरली आणि दम परत आला. डाव मात्र दहा दिवसांत येत नाहीत.

लढतीत जे व्हायचं तेच झालं. पहिल्या फेरीत पट काढताना मान अडकली, ती मी नुसत्या ताकदीनं सोडवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत खाली गेलो आणि पाठ टेकायच्या आत, विचार यायच्याही आत, पालथा झालो.

हा फक्त माझा प्रश्न नाही. मातीतून दुसऱ्या नियमांच्या मैदानात गेलेल्या प्रत्येकाला ही दरी ओलांडावी लागली आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची त्यांना सवय नव्हती. ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. मधल्या चार वर्षांत त्यांनी ताकद वाढवली असेलच, पण मला त्या चार वर्षांत दिसतो तो नवे नियम अंगात मुरवणारा एक जाणता पैलवान. आणि कुस्तीतूनच पुढं आलेले भरत खंडारे २०१७ साली शांघायला यूएफसी या एमएमए स्पर्धेत उतरले, तेव्हा पहिल्या फेरीतच त्यांना गिलोटिनवर हार पत्करावी लागली. एवढ्या उंचीला पोचलेल्या खेळाडूचीही मान सापडू शकते. मग माझ्यासारख्यानं मानेचा विचार कितीदा करायला हवा होता?

हरल्यावर पंधरा दिवसांनी कोल्हापूरला गेलो. तालमीतल्या माझ्या वस्तादांना एमएमए कधी आवडलं नाही, पण त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“पहाटं काय करत हुतास?”

“पर्वती चढायचो.”

“आन् लढत?”

“संध्याकाळी. सगळं झाल्यावर.”

ते हौद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आपल्यात लढत पहाटं आन् मेहनत सांजंला का ठेवलीया, ह्ये नऊ वर्सांत कधी इचारलं न्हाईस मला.”

मी खरंच विचारलं नव्हतं. ताज्या अंगानं डाव आणि उरलेल्या अंगानं ताकद, ही घडी मी नऊ वर्षं जगलो होतो आणि पुण्याला जाऊन उलटी करून बसलो होतो.

आता मी नव्या पोरांना कुस्तीची बाजू शिकवतो, आणि पहिला आग्रह या क्रमाचा धरतो. डाव आधी. दिवसातला ताजा तास शिकण्याला द्या. वेळ फक्त संध्याकाळी असेल तर वर्ग आधी आणि दमसास नंतर. एक डाव घ्या, जोडीदाराला आधी ढिलं राहायला सांगा, मग हळूहळू विरोध वाढवायला सांगा. डावाचा आकार बिघडायला लागला की तो डाव त्या दिवसापुरता थांबवा. दमलेल्या अवस्थेत सराव करूच नये असं नाही. लढतीत दमणार आहातच. पण जे आधीपासून पक्कं आहे तेच दमल्यावर करून बघायचं. नवं काही त्या वेळी शिकायला घेऊ नये.

दम वाढवायचा तर त्यातला बराच भाग डावातूनच वाढवता येतो, हे मला फार उशिरा कळलं. तीन मिनिटं लावा. प्रत्येक वेळी सुरुवात तुमची पाठ जमिनीवर आणि जोडीदार छातीवर अशी. उठलात की पुन्हा खाली. एक मिनिट विश्रांती, आणि असे चार-पाच फेरे. टायर उलटून जेवढी धाप लागते तेवढीच लागते, पण इथं धापेसोबत उठायची वाटही कळते, आणि कुठं श्वास घ्यायला सवड आहे तेही. आमच्या जिममध्ये चाळिशीचे एक गृहस्थ आहेत, वजन ६६ किलो. ते माझ्याइतकं कधीच पळाले नसतील, पण माझ्या अंगावर बसून सहा फेऱ्या आरामात काढतात. वजन टाकून मला दमवतात आणि स्वतः त्याच जागी विसावा घेतात.

पळणं सोडू नका, पण सावकाश पळा. स्नायूत साठवलेलं तयार इंधन पूर्ण जोरात साधारण दहा सेकंद पुरतं. झडप घातली, पट काढला, की ते संपत येतं, आणि पुन्हा भरायला प्राणवायू आणि काही मिनिटं लागतात. हे भरण्याचं काम संथ, लांब धावण्यातून तयार होणारा दमच करतो. आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगानं. जिवाच्या आकांतानं पळणं आठवड्यातून एकदा बास. वजनं उचलणं दोन दिवस, पाऊण तास, थोडी आवर्तनं आणि नीट विश्रांती. पूर्ण जोराचं स्पॅरिंग एक दिवस, कारण डोक्याला बसलेला मार ताकदीनं भरून निघत नाही. अवघड दिवसानंतर खरोखर हलका दिवस ठेवा. हलक्या दिवशी ‘जरा अजून’ करणारे खेळाडूच सहाव्या आठवड्यात मोडतात. मी मोडलो.

नाडीची वही ठेवा. उठल्यावर, अंथरुणातच, पूर्ण मिनिट मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त आणि झोपही बिघडलेली, असं तीन दिवस सलग दिसलं तर त्या दिवशी मेहनत सोडा आणि फक्त हळू डाव करा.

एका गोष्टीची भीती मात्र खरोखर बाळगा. आमच्यातला एक पोरगा महिनाभर गावी राहून आला आणि पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं चारशे बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या आणि लघवी काळ्या चहासारखी. स्नायूंचा चुरा होऊन त्यातले घटक रक्तात उतरले होते आणि त्याचा ताण मूत्रपिंडांवर आला होता. पाच दिवस सलाइनवर होता. लघवीचा रंग असा दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. खंड पडला असेल तर पहिला आठवडा निम्म्यापेक्षा कमी करा, अंगात कितीही सुरसुरी असो.

उलट बाजूनं चुकणारेही मी पाहिलेत. जुजुत्सूतून आलेले, डाव हातखंडा, पण तिसऱ्या फेरीत हात वर धरायला त्राण नाही. त्यांना मी पळायला पाठवतो. ऑफिसातून थेट आलेल्या नवशिक्याला आधी दोन-तीन महिने साधा पाया लागतो, नाहीतर डाव शिकण्याएवढा वेळही तो उभा राहू शकत नाही. म्हणून दुसऱ्याचा तक्ता उचलू नका. शेवटच्या तीन लढती किंवा तीन सराव आठवा: नेमके कुठं हरलात, आणि त्या क्षणी धाप लागली होती की वाट सुचली नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहा. कामाचा आठवडा त्या उत्तरावरून आखा.

गेल्या महिन्यात सांगलीकडचा एक पोरगा आला. एकोणीस वर्षांचा, मांड्या खांबासारख्या, सात वर्षं मातीत. पहिल्याच दिवशी विचारलं, “सर, पळायला कधी जायचं?” मी म्हटलं, “आधी पट काढून दाखव.” मान खालीच गेली. मग आम्ही डोकं समोरच्याच्या बरगड्यांना चिकटवून, नजर वर ठेवून शिरायला लागलो. हळू. पहिले आठ-दहा वाईट गेले, मग जमायला लागलं. सव्विसाव्या वेळी मान पुन्हा लोंबली, सत्ताविसाव्या वेळीही. मी त्याला थांबवलं आणि पाणी प्यायला पाठवलं.