पडलेला दात फेकू नका

कबड्डीत किंवा सायकलवरून पडून बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा समोरचा दात मुळासकट निघाला, की आपल्याकडे जखमेवर हळद दाबतात आणि दात मातीतच राहतो. हा पक्का दात पुन्हा येत नाही. मात्र तोच दात परत बसवता येतो, हे फार थोड्या पालकांना ठाऊक आहे.

दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये. माती लागली असल्यास दुधाने हलकेच धुऊन जागेवर बसवावा व मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. जमले नाही तर दात थंड दुधात ठेवावा. दूध चहाच्या टपरीवरही मिळते. साध्या पाण्यात मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या तासात बसवलेला दात टिकण्याची आशा चांगली, तासाभरानंतर ती फार कमी. म्हणून आधी दात बसवा, मग शेगाव-खामगावच्या दंतवैद्याकडे निघा. धनुर्वाताच्या लसीचेही विचारा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

दंतवैद्य सुमारे दोन आठवडे दात तारेने बांधून ठेवतात. दुखणे थांबले म्हणून पुढे जायचे टाळू नये. या वयात बहुधा दाताची नस काढून पोकळी भरावी लागते, नाहीतर मूळ झिजते. नुसता तुकडा उडालेला दातही दाखवावा. असे दुर्लक्षित दात पुढे काळे पडून, हिरडीवर पू धरूनच आमच्याकडे येतात.