खवले मांजर : परिसर अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

वन्य प्राण्यांचा पाठ म्हटला की वाघ, सिंह व हत्ती यांची चित्रे भिंतीवर लागतात. हे प्राणी मुलांना आवडतात, यात शंका नाही. परंतु सिंह महाराष्ट्रातील मुलाच्या परिसरातला नव्हे. परिसर अभ्यास हा परिसरापासूनच सुरू व्हावयास हवा. कोकणातील व सह्याद्रीच्या उतारावरील अनेक गावांच्या रानात, तसेच विदर्भातील जंगलात, एक असा सस्तन प्राणी राहतो की ज्याचे नाव गावातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते, पण ज्याला जिवंत पाहिलेले फारच थोडे. तो प्राणी म्हणजे खवले मांजर. हा प्राणी झपाट्याने नाहीसा होत आहे, आणि त्याचे वैरी दूर देशी आहेत तसे गावातही आहेत. म्हणूनच त्याच्या रक्षणाच्या कामी गावच्या शाळेला जे करता येईल ते दुसऱ्या कोणाला सहसा करता येणार नाही.

पाठाचे हेतू

१. आपल्या परिसरातील एका दुर्मिळ सस्तन प्राण्याची शास्त्रशुद्ध ओळख मुलांना करून देणे.
२. प्राण्यांचे वर्गीकरण बाह्य रूपावरून न करता लक्षणांवरून कसे करतात, हे समजावणे.
३. प्राण्याला न दुखविता व न छेडता त्याचा अभ्यास कसा करता येतो, हे दाखविणे.
४. खवल्यांविषयीच्या भ्रामक समजुती प्रयोगाने दूर करणे.

शिक्षकाने आधी जाणून घ्यावयाची माहिती

नाव मांजराचे असले तरी हा प्राणी मांजर नव्हे. अंगावर खवले असले तरी तो मासा नव्हे, सरपटणारा प्राणीही नव्हे. तो सस्तन आहे. मादी पिलाला दूध पाजते. पोटाकडच्या भागावर खवले नसून तेथे विरळ केस असतात. जगात खवले मांजराच्या सामान्यतः आठ जाती मानल्या जातात. त्यांपैकी चार आशियात व चार आफ्रिकेत आहेत. महाराष्ट्रात आढळते ते भारतीय खवले मांजर होय. पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका या देशांतही त्याची वस्ती आहे.

पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारणपणे १० ते १६ किलोग्रॅम असते. डोक्यापासून शेपटीपर्यंत सर्व पाठ कठीण खवल्यांनी झाकलेली असते. घराच्या छपरावर मंगलोरी कौले जशी एकावर एक चढवून बसवितात, तशीच या खवल्यांची रचना असते. मुलांना ही उपमा लगेच पटेल. संकट आले की हा प्राणी डोके पोटाशी घेतो, त्यावर शेपटी लपेटतो व स्वतःचा घट्ट गोळा करून घेतो. इंग्रजीतील त्याचे पँगोलिन हे नावही गुंडाळून घेणारा अशा अर्थाच्या मलय शब्दावरून आले आहे. बिबट्याच्या दातांपुढे हा उपाय चालतो. माणसापुढे मात्र तोच उपाय घातक ठरतो. पळून न जाता जागीच गोळा होऊन बसणाऱ्या प्राण्याला कोणीही पोत्यात घालून नेऊ शकतो. हजारो वर्षे ज्या सवयीने त्याला वाचविले, तीच सवय आज त्याच्या नाशाला कारण होत आहे. हा मुद्दा पाठात अवश्य यावा.

त्याला दात नसतात. वाळवी, मुंग्या व त्यांची अंडी हे त्याचे अन्न. पुढच्या पायांच्या बळकट नख्यांनी ते वारूळ फोडते व लांब चिकट जीभ आत घालून किडे टिपते. अन्नाबरोबर गिळलेले बारीक खडे जठरात दळण्याचे काम करतात. कोंबडीच्या पेटाऱ्याशी याची तुलना करता येईल. दिवसा ते स्वतः खणलेल्या बिळात झोपते व पुष्कळदा बिळाचे तोंड आतून मातीने बुजविते; रात्री अन्नाच्या शोधार्थ बाहेर पडते. त्यामुळेच ते सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वाळवीची संख्या आटोक्यात राहण्यास त्याची मदत होते, खणल्याने माती मोकळी होते आणि त्याने सोडलेली बिळे इतर प्राण्यांच्या उपयोगी पडतात.

मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते. पिलू मोठे होईतो ती त्याला शेपटीच्या बुडाशी बसवून हिंडते. धोका दिसताच पिलाला पोटाशी घेऊन त्याच्यासह गोळा होते. याचाच अर्थ असा की एक मादी पकडली गेली तर पुष्कळदा दोन जीव जातात.

ऱ्हासाची कारणे

रान तोडणे, वणवे लागणे, बिळांची जागा नांगराखाली वा यंत्राखाली जाणे ही कारणे आहेतच; परंतु सर्वांत मोठे कारण शिकार हे होय. मांसासाठी शिकार पूर्वीपासून होत आली. खवल्यांचा ताईत गळ्यात बांधण्याची व त्यांचे औषध करण्याची चालही जुनीच आहे. अलीकडच्या काळात मात्र परदेशी बाजारपेठेत खवल्यांना मोठी किंमत येऊ लागली आणि या व्यापाराने भयंकर रूप धारण केले. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूर येथे आफ्रिकेतून आलेला एकच माल पकडला गेला, त्यात १२.९ टन खवले होते. त्यासाठी सुमारे १७,००० प्राणी मारले गेले असावेत, असा अंदाज करण्यात आला. त्याच महिन्यात जवळजवळ तेवढाच दुसरा साठाही तेथे सापडला.

कायद्याची बाजू शिक्षकाला नेमकी ठाऊक असावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी असून वाघाला जे संरक्षण, तेच यालाही आहे. त्याची शिकार करणे, विक्री करणे किंवा त्याचे खवले जवळ बाळगणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची व दंडाची शिक्षा सांगितली आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत सर्व आठही जातींच्या व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले व २०१७ पासून ती अंमलात आली. चीननेही २०२० साली आपल्या अधिकृत औषधीग्रंथाच्या मूळ द्रव्यांच्या यादीतून खवले वगळले.

संशोधक अभ्यास कसा करतात?

जो प्राणी दिसतच नाही, त्याची माहिती कशी मिळवावयाची? हा प्रश्न मुलांनाच विचारावा. संशोधक प्रथम खुणा शोधतात : ताजे खणलेले बीळ, फोडलेले वारूळ, मातीवर उमटलेली नख्यांची व शेपटीची खूण. मग बिळासमोर आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा लावून काही रात्री वाट पाहतात. गावातील वृद्ध माणसे, गुराखी व लाकूडफाट्यासाठी रानात जाणाऱ्या बाया यांच्याशी बोलून पूर्वी हा प्राणी कोठे दिसे, आता कोठे दिसतो, याची नोंद करतात. मध्य प्रदेशात तस्करांकडून सोडविलेल्या काही खवले मांजरांना लहानसे रेडिओ-यंत्र जोडून रानात सोडण्यात आले व त्यांच्या हालचालींचा माग घेण्यात आला. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात त्यांचे प्रजननही झाले आहे. तथापि बंदिवासात हा प्राणी जगविणे अतिशय कठीण असते. म्हणून त्याला त्याच्या रानातच राखणे हाच खरा उपाय होय.

पाठाची मांडणी

पहिली तासिका : ओळख. फळ्यावर चार प्राण्यांची नावे लिहावी : पाल, मासा, मांजर, खवले मांजर. यांतील कोणते दोन प्राणी एका गटात बसतील, असे विचारावे. बहुतेक मुले खवल्यांमुळे खवले मांजराला पालीबरोबर ठेवतील. त्यांना लगेच चूक म्हणू नये. पिलू दूध पिते, पोटावर केस असतात, ही लक्षणे एकेक करून सांगावी व मुलांनाच आपला गट बदलू द्यावा. स्वतः बदललेले उत्तर मुलाच्या लक्षात अधिक राहते. नंतर पुठ्ठ्याचे तुकडे कौलांप्रमाणे एकावर एक चिकटवून प्रतिकृती करून घ्यावी.

दुसरी तासिका : प्रयोग. कापलेल्या नखाचा तुकडा, डोक्याचा केस व कोंबडीचे पीस या तीन वस्तू शिक्षकाने चिमट्यात धरून एकामागून एक मेणबत्तीवर जाळाव्या. मुलांना दूर उभे करून वास घेण्यास सांगावे. तिन्हींचा वास जवळजवळ सारखाच येतो, कारण तिन्ही केराटिन याच जातीच्या द्रव्याच्या बनलेल्या आहेत. मग सांगावे की खवले मांजराचा खवलाही केराटिनचाच असतो. जो गुण आपल्या कापून टाकलेल्या नखात नाही, तो खवल्यात कोठून येणार? या प्रयोगासाठी खऱ्या खवल्याची मुळीच गरज नाही आणि तो मिळविण्याचा प्रयत्नही करू नये.

तिसरी तासिका : गणित. एका रानात २० प्राणी, म्हणजे दहा जोड्या आहेत असे समजा. प्रत्येक जोडीला वर्षाला एक पिलू होते. निम्मी पिले जगतात. मोठ्यांपैकी दहांत एक नैसर्गिक कारणाने मरतो. अपूर्णांक सोडून द्यावा. शिकार नसेल तर वर्षअखेर २० + ५ − २ = २३ प्राणी होतील. आता गावात दर दोन महिन्यांस एकच, म्हणजे वर्षाला सहा प्राण्यांची शिकार होते असे धरा. वर्षअखेरची संख्या मुलांकडून काढून घ्यावी :

पहिले वर्ष : २० + ५ − २ − ६ = १७
दुसरे वर्ष : १७ + ४ − १ − ६ = १४
तिसरे वर्ष : १४ + ३ − १ − ६ = १०
चौथे वर्ष : १० + २ − १ − ६ = ५
पाचवे वर्ष : ५ + १ − ० − ६ = ०

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, हे स्पष्ट करावे. परंतु दोन महिन्यांतून एक म्हणजे काही फार नव्हे, असे म्हणणाऱ्याला उत्तर देण्यास ही पाच ओळींची वजाबाकी पुरेशी आहे. हेच गणित उंदराच्या पिलांची संख्या घेऊन पुन्हा करावे, म्हणजे संथ प्रजननाचा अर्थ मुलांना उमगेल.

गृहपाठ : घरातील आजोबा-आजींना विचारून यावे : त्यांनी खवले मांजर पाहिले होते काय, किती वर्षांपूर्वी, आणि त्या वेळचे रान कसे होते. उत्तरे वहीत लिहावी. मात्र बिळाची वा नेमक्या जागेची नोंद करू नये.

घ्यावयाची दक्षता

१. मुलांना बिळे शोधण्यास वा उकरण्यास कधीही पाठवू नये.
२. प्राणी वा बीळ आढळल्यास त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून गटागटांत फिरवू नये. ते शिकाऱ्याच्या हाती पडण्यास वेळ लागत नाही.
३. विहिरीत वा अंगणात प्राणी सापडल्यास कुत्र्यांना दूर ठेवावे, गर्दी हटवावी व वनरक्षकास कळवावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हा शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा.
४. अमुक एक जमातच शिकार करते, असे वर्गात कधीही बोलू नये. रानाची जाण असलेल्या माणसांचे साहाय्य संशोधकांनाही घ्यावे लागते. त्यांच्या मुलांचा वर्गात सन्मानच व्हावा.

एक नाजूक प्रश्न

हा पाठ प्रामाणिकपणे शिकविला तर एखाद्या दिवशी एखादे मूल म्हणेल, “गुरुजी, आमच्या घरी खवला आहे,” किंवा दप्तरातून तो काढून दाखवील. या क्षणी शिक्षकाची कसोटी लागते. मुलाला भरवर्गात गुन्हेगार ठरविले तर पुढे कोणतेही मूल शाळेत खरे बोलणार नाही. आणि काहीच न बोलता खवला परत दिला तर सारा पाठ फुकट गेला. अशा वेळी मुलाला शांतपणे बाजूस घ्यावे. त्याने विश्वासाने दाखविले, यात त्याचा दोष नाही, हे त्याला सांगावे. वडीलधाऱ्यांना स्वतः जाऊन भेटावे, कायदा समजावून सांगावा व जुना खवला वनविभागाकडे जमा करण्यास सुचवावे. मुख्याध्यापकांनाही कल्पना द्यावी. मात्र नवी शिकार वा विक्री चालू असल्याचे दिसले तर ती झाकणे हे शिक्षकाचे काम नव्हे. वनाधिकाऱ्यांना कळविणे हेच त्याचे कर्तव्य आहे. तसे करताना मुलाचे नाव पुढे येणार नाही, याची काळजी घ्यावी.

गावाचा सहभाग

फेब्रुवारीचा तिसरा शनिवार हा २०१२ पासून जागतिक खवले मांजर दिन म्हणून पाळला जातो. रत्नागिरी जिल्ह्यातील डुगवे या गावी २०२० साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या प्रेरणेने ‘खवलोत्सव’ साजरा झाला. शिमग्याच्या पालखीचा थाट गावाने या प्राण्याच्या प्रतिकृतीला दिला. देवाच्या पालखीला खांदा देणारे हात ज्या प्राण्याची प्रतिकृती वाहतात, त्या प्राण्यावर काठी उगारणे पुढे सोपे राहत नाही. प्रत्येक शाळेने असाच उत्सव करावा असे नाही. परंतु त्या दिवशी मुलांनी केलेल्या प्रतिकृती मांडाव्या, गणिताचा तक्ता लावावा, आणि आजोबा-आजींना बोलावून मुलांनी लिहिलेल्या त्यांच्या आठवणी मोठ्याने वाचून दाखवाव्या.

उजळणीचे प्रश्न

१. खवले मांजर सस्तन आहे हे कोणत्या लक्षणांवरून ओळखाल?
२. गोळा होण्याची सवय बिबट्यापुढे उपयोगी व माणसापुढे घातक का?
३. रात्री हिंडणाऱ्या प्राण्याचा अभ्यास दिवसा कोणत्या खुणांवरून करता येईल?
४. एक मादी मारली गेल्यास किती जीव जाऊ शकतात? कारण लिहा.
५. रानात बीळ दिसल्यास तुम्ही काय कराल व काय करणार नाही?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत बरोबर आले की पाठ पुरा झाला, असे शिक्षकाने मानू नये. पुढे एखाद्या संध्याकाळी गुरे घेऊन परतताना ते बीळ दिसले असता, कोणालाही न सांगता जो मुलगा वाट वळवून घरी येईल, त्यालाच हा पाठ खरोखर समजला असे म्हणावे.