नारळ फोडण्यापूर्वी

परीक्षा संपल्या की आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. जत्रांतल्या कुस्त्या, मंडळांचे कबड्डी सामने, टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा, पोहण्याचे वर्ग आणि अलीकडे तालुक्याच्या गावीही ‘मॅरेथॉन’ या नावाने होणाऱ्या पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती. पोरे मैदानावर दिसली की आम्हा डॉक्टर मंडळींना बरेच वाटते. मात्र याच दिवसांत मला एक सकाळ दरवर्षी आठवते. तिच्याविषयी मी आजवर लिहिले नव्हते, कारण त्यात थोडा दोष माझाही होता.

२०१२ सालचा महाराष्ट्र दिन. दहा किलोमीटरची शर्यत. पत्रिकेत वेळ छापली होती सकाळी साडेसहाची. प्रमुख पाहुणे आले साडेनऊला. मग हारतुरे झाले, भाषणे झाली आणि सव्वादहाला झेंडी पडली. तोवर मुले तीन तास उन्हात उभी होती. बहुतेकांच्या पोटात चहापलीकडे काही नव्हते. सव्वाअकराच्या सुमारास एकोणीस वर्षांचा एक मुलगा शेवटच्या वळणावर झोकांड्या खात आला आणि कोसळला. मी मंचावरून धावत पोहोचलो तेव्हा भोवती शंभर माणसे होती. कोणी नाकाशी कांदा धरला होता, कोणी तोंडात पाणी ओतत होते. मुलगा असंबद्ध बडबडत होता, अंग घामाने चिंब आणि हाताला चटका बसावा इतके तापलेले. मी बर्फ मागितला. मैदानावर बर्फ होता, पण तो पाहुण्यांच्या थंड पेयांच्या टबात! गाडी काढायची तर फाटकात पाहुण्यांच्या मोटारी आडव्या लावलेल्या. मुलगा मैदानाबाहेर पडायला पंचवीस मिनिटे लागली.

मुलगा वाचला. पण उष्माघाताने स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडे बिघडली, दोनदा डायलिसिस करावे लागले आणि अकरा दिवस तो रुग्णालयात होता.

आता माझा दोष सांगतो. पत्रिकेवर ‘वैद्यकीय साहाय्य’ या शब्दांपुढे माझे नाव छापलेले होते. मी मात्र गळ्यात हार घालून मंचावर बसलो होतो आणि माझी बॅग दवाखान्यात होती. माझ्याकडून काय अपेक्षा आहे हे आयोजकांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

गावात सगळे म्हणाले, ‘ऊन लागलं, नशिबाचा भाग.’ मला ते पटत नाही. उशिरा झेंडी दाखवणे, पाण्याची सोय न करणे, फाटक अडवणे आणि डॉक्टरला मंचावर बसवणे, हे चार निर्णय माणसांनीच घेतले होते. नशीब त्यानंतर आले.

मोठ्या स्पर्धांनाही हाच नियम लागू आहे. २०२१ साली तीन आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना पाहा. २२ मे रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ धावपटू होते. अचानक गारपीट, पाऊस आणि सोसाट्याचा गार वारा सुटला आणि थंडीने गारठून २१ जण दगावले. हवामान कोणाच्या हातात नव्हते, पण पुढच्या चौकशीत ढिसाळ आयोजनावर ठपका ठेवला गेला. १२ जूनला कोपनहेगनमध्ये युरो फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन चालू खेळात कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. पण डॉक्टर मैदानालगत होते, छातीवर दाब देणारे शिकलेले होते आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र हाताशी होते. तो वाचला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला. संकट दोन्हीकडे अचानक आले. एका ठिकाणी तयारी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

‘आमची स्पर्धा छोटी, एवढे कोण करणार?’ असे मंडळाचे कार्यकर्ते विचारतात. त्यांना माझे उत्तर असे की, यातले बहुतेक काम पैशाचे नाही, बैठकीतल्या अर्ध्या तासाचे आहे. वर्गणी आणि बक्षिसे ठरवताना त्याच बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. इथे काय काय बिघडू शकते? त्यातले काय आधीच टाळता येईल? आणि टाळूनही घडलेच, तर कोणी काय करायचे? उत्तरे कागदावर लिहावीत आणि प्रत्येक उत्तरापुढे एका माणसाचे नाव घालावे. ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असे लिहिले की कोणीच लक्ष देत नाही.

त्या कागदावर पुढील गोष्टी असाव्यात :

१) वेळ. उन्हाळ्यात धावण्याच्या शर्यती सूर्योदयाच्या सुमारास सुरू कराव्यात. उशीर झाला तर पाहुण्यांशिवाय सुरू करण्याचा किंवा शर्यत रद्द करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला आधी देऊन ठेवावा. ऐनवेळी कोणाचेही धाडस होत नाही.

२) मैदान. आदल्या दिवशी पायी फिरून खडे, काचा, खिळे, मैदानालगतचे खुंट आणि जनरेटरच्या उघड्या तारा पाहाव्यात. प्रेक्षकांसाठी तात्पुरती गॅलरी उभारणार असाल तर ती जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावी आणि किती माणसे बसवायची हे ठरवून ते पाळावे. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातील सूर्यापेट येथे कुमार गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत गॅलरी कोसळून शंभरावर प्रेक्षक जखमी झाले. तिथे एकही खेळाडू चुकला नव्हता.

३) वाट. रुग्णवाहिकेसाठी एक फाटक मोकळे ठेवावे आणि तिथे शेवटपर्यंत एक कार्यकर्ता उभा करावा. १०८ क्रमांकाची मोफत सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. फोन कोण करणार आणि मैदानाची खूण काय सांगणार, हेही ठरलेले असावे. जवळच्या रुग्णालयाला स्पर्धेची तारीख आधी कळवावी.

४) डॉक्टर. त्याची खुर्ची मैदानाच्या कडेला हवी आणि बॅग त्याच्या पायाशी. त्याने ‘खेळाडू बाहेर’ म्हटले की पंचाने आणि संघनायकाने वाद घालू नये.

५) खेळाडूची माहिती. नावनोंदणीच्या अर्जावर चार प्रश्न छापावेत. श्रम करताना छातीत दुखते का? कधी शुद्ध हरपली होती का? घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले आहे का? दमा, फिट्स, मधुमेह किंवा हृदयाचा विकार आहे का? एकाही प्रश्नाला ‘होय’ आले तर आधी डॉक्टरी तपासणी. घरच्या माणसाचा फोन नंबरही त्याच अर्जावर घ्यावा.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांनीही नव्या सभासदाला हेच प्रश्न विचारावेत, विशेषतः चाळिशीनंतर एकदम जोर-बैठका किंवा वजने सुरू करणाऱ्याला. जलतरण तलावावर पाहारा देणारा जीवरक्षक हजर नसेल तर तलाव बंद ठेवावा. उथळ बाजूने सूर मारायला सक्त मनाई हवी. मान मोडून कायमचे लुळे पडलेले तरुण मी पाहिले आहेत.

आता प्रसंग आलाच तर काय करायचे ते थोडक्यात सांगतो. हे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे.

ऊन लागून बडबडणारा किंवा बेशुद्ध पडणारा खेळाडू : घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता. मान, काखा व जांघेत बर्फ ठेवा आणि वारा घाला. १०८ ला लगेच कळवा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबू नका. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड होणे सर्वांत महत्त्वाचे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

हाक मारूनही न उठणारा आणि नीट श्वास न घेणारा खेळाडू : कांदा, चप्पल यांत वेळ दवडू नका. एकाने १०८ लावावा, दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. मदत पोहोचेपर्यंत थांबू नये. थकल्यास दुसऱ्याने घ्यावे. हे एका दुपारी शिकून होते.

डोक्याला मार : थोडा वेळ भोवळ आली, गोंधळल्यासारखे वाटले, तरी त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर ताबडतोब रुग्णालय. १९९८ साली ढाक्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभ्या असलेल्या रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेले आणि तीन दिवसांत गेले. ‘चालतोय म्हणजे बरा आहे’ हे खरे नाही. मानेला मार लागल्याची शंका असेल तर उचलाउचल न करता आहे तसेच झोपवून ठेवावे.

त्या शर्यतीनंतर मी स्वतःसाठी एक नियम केला. ज्या मंडळाच्या बैठकीला मला बोलावणे येत नाही, त्यांच्या पत्रिकेवर माझे नाव छापू देत नाही. काहींना राग येतो. गेल्या काही वर्षांत मात्र दोन-तीन मंडळे आपणहून विचारायला आली. त्यांतल्या एकाने कागदाच्या पहिल्या ओळीवर लिहिले होते : ‘पाहुणे आले नाहीत तरी साडेसहाला झेंडी.’ खाली कार्यकर्त्याचे नाव आणि सही होती. शर्यत साडेसहाला सुटली. आठच्या आत सगळी मुले सावलीत बसून केळी खात होती आणि माझी बॅग त्या दिवशी उघडावी लागली नाही.

तुमच्या मंडळाची बैठक येत्या काही दिवसांत असेल. नारळ, हार आणि ढाल यांच्या यादीखाली हा कागदही असू द्या. मुलांना मैदानावर पाठवताना त्यांच्या आई-वडिलांनी तो पाहायला मागितला, तर रागावू नका.